निजलेली सुई

४ मार्च, सोमवार

पानावर गुरुवार छापलाय, पण आज सोमवार आहे. डायरी जुनी आहे, पाइपवाल्या कुठल्यातरी कंपनीची, तिचं वर्ष कधीच सरलंय. ज्यांच्याकडे मी कामाला आहे ते काका म्हणाले, वार खोड आणि लिही, कागदाला काय कळतंय. रोज लिहायला सांगितलंय. माझं अक्षर सुधारायला हवं, कारण रेडिओवर कुणाशी बोलणं झालं ते स्टेशनच्या वहीत नोंदवावं लागतं. मागच्या खेपेला काकांच्या मुलीने ते पान बघून विचारलं होतं, "बाबा, वहीवर कोंबडी कुणी सोडली?" ती शाळेत मुख्याध्यापिका आहे. मी मनात तिला हेडबाई म्हणतो. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला मुख्याध्यापिकेसमोर उभं राहिलं की अजून हात मागे बांधावेसे वाटतात.

काकांना नीट दिसत नाही. समोरचं सगळं धुकं, कडेकडेचं तेवढं दिसतं. म्हणजे ही डायरी ते वाचणार नाहीत. म्हणून मोकळं लिहितो. मोकळं लिहायचं तर पहिली गोष्ट ही की याही कामावर मी फार टिकणार नाही. बेकरी झाली, टायरचं दुकान झालं, शीतगृह झालं, बादल्यांचा कारखाना झाला. आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय. इथे बिल्डिंगच्या वॉचमनने चिकटवलं. चहा करायचा, डोळ्यांत औषध घालायचं, अंघोळीच्या वेळी दाराबाहेर थांबायचं. आणि सकाळी सुई वाचायची.

सुईचं सांगतो. काका जन्मभर जहाजांवर बिनतारी यंत्र चालवायचे. बिल्डिंगमध्ये त्यांना तारमास्तर म्हणतात. मागच्या खोलीत त्यांचा हौशी रेडिओ आहे. सरकारी लायसन आहे, भिंतीवर लावलंय. लायसन काकांचं, त्यामुळे बोलणार काका. मी फक्त बटणं फिरवणार आणि मीटर वाचणार. मीटर म्हणजे गजराच्या घड्याळासारखी तबकडी, तिच्यात दोन सुया. आपण बोललो की रेडिओतली ताकद केबलमधून गच्चीवरच्या लांब तारेकडे जाते. किती गेली ते एक सुई सांगते. तारेला त्यातली जेवढी पसंत नाही तेवढी ती परत पाठवते, ते दुसरी सांगते. काका त्यांना जाणारी आणि येणारी म्हणतात. जाणारी उभी राहायला पाहिजे, येणारी निजायला पाहिजे.

मी म्हटलं, "म्हणजे एक सासरी निघालेली आणि एक भांडून माहेरी आलेली."

काका इतके हसले की खोकला लागला. पाणी द्यावं लागलं.

५ मार्च, मंगळवार

आज बोक्याशी बोलणं झालं. बोका म्हणजे काकांचा मित्र. एका बेटावर दीपगृह सांभाळायचा, निवृत्त झाला तरी तिथेच राहिला. त्याच्या बेटावर फोन चालत नाही, बोट महिन्यातून एकदा जाते. चाळीस वर्षं हे दोघं रोज सकाळी साडेसातला हवेतून बोलतात, आणि एकमेकांना एकदाही बघितलेलं नाही. बोका काकांना घुबड म्हणतो.

आधी काकांनी माइकमध्ये लांब शीळ घातली. नुसतं बोललं तर सुया नाचतात, वाचता येत नाहीत. शीळ घातली की उभ्या राहतात.

"जाणारी किती?"

"शंभर."

"येणारी?"

"दहा. मान थोडी वर केलीय."

"तिची जुनी सवय आहे ती. गच्चीवरची तार पहिल्यापासून हात दोन हात आखूड आहे. राहू दे."

मग बोका आला. आवाज असा की पोट भरलेलं मांजर गुरगुरतंय. "घुबडा, उठलास का? ओव्हर."

"मी उठलेलाच असतो. तुझं दूध पिऊन झालं का? ओव्हर."

मग दोघांनी गुडघ्यांची चौकशी केली. वारा कुठून आहे ते सांगितलं. कोण गेलं, कोण राहिलं ते सांगितलं. शेवटी बोक्याने विचारलं, "सुई कोण वाचतंय आता? मागचा पोरगा पळाला ना?"

काका म्हणाले, "पळाला. हा नवा आहे. हाही पळणार, पावलांच्या आवाजावरून कळतं."

मी तिथेच उभा होतो. मग चहा ठेवायला गेलो, पाय न वाजवता.

७ मार्च, गुरुवार

बिल्डिंगवाल्यांनी टाकीचा ओव्हरफ्लो पाइप वळवलाय. आता भरलेल्या टाकीचं पाणी बरोबर आमच्या केबलच्या सांध्यावर पडतं. खालून येणारी लांब केबल आणि तारेकडे जाणारा छोटा तुकडा कठड्यापाशी जोडलेत, तो सांधा. त्यावरची जुनी पट्टी तडकली होती. काकांनी कपाटातून नवी रबरी पट्टी काढून दिली. मी वरून सुरुवात केली आणि खाली आणत आणत घट्ट गुंडाळली. बोट कापल्यावर बांधतात तशी, एकही सुरकुती नाही. वॉचमन म्हणाला, "तुला दवाखान्यात ठेवायला पाहिजे."

खाली आल्यावर काकांनी विचारलं, "नीट लावलीस ना?"

"एकदम."

१० मार्च, रविवार

घरी फोन केला. ताईने उचलला. चार दिवस राहायला आलीय म्हणे, भाचीला घेऊन. मजा आहे, मला कोण देतंय सुट्टी?

"सगळं ठीक ना?"

"ठीक."

"भावजी?"

"ठीक आहेत. कामात असतात."

पूर्वी ताई फोनवर माझं डोकं खायची. सासू असं म्हणाली, भावजी तसं म्हणाले, रात्री उशिरा आले, ताट ढकललं. ऐकता ऐकता माझं जेवण गार व्हायचं. आता शहाणी झाली, दोन शब्दांत आटपते. आई फोनवर आली नाही, कामात होती.

११ मार्च, सोमवार

आज भारी झालं. काकांनी शीळ घातली, मी वाचलं: जाणारी शंभर, येणारी दोन-तीन. काकांना पटेना. परत शीळ. तेच.

"पट्टीचा गुण," काका म्हणाले. "सांध्यात जुनी खोट असणार, ती गेली. तुझ्या हातात काहीतरी आहे बरं का."

मला कामावर असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. बेकरीवाला तर माझ्या हातांना खोरी म्हणायचा.

१४ मार्च, गुरुवार

येणारी आता पार शून्यावर. काका हात चोळत बसले होते. म्हणाले, इतकी शांत सुई जहाजावर नव्या यंत्राचीसुद्धा पाहिली नाही.

बोका मात्र कुरकुरत होता. "घुबडा, आवाज बारीक येतोय. विहिरीत पडलास का?"

"कान साफ कर! माझ्याकडे सगळं चोख आहे. एक वॉट परत येत नाहीये."

"काय म्हणालास? परत सांग."

काकांनी मला डोळा मारला. म्हणजे बहुतेक मारला, त्यांचे डोळे कळत नाहीत. "म्हातारा झाला बोका," म्हणाले.

१७ मार्च, रविवार

आज बोक्याला काहीच ऐकू गेलं नाही. आम्हाला तो खणखणीत ऐकू येतोय. "घुबडा, बोका हाक मारतोय. आहेस का? ओव्हर." काका उत्तर देतात. बोका थोडा थांबतो आणि पुन्हा तेच विचारतो. समोरासमोर दारं, मध्ये काच, असं वाटलं मला. काका ओरडून बोलायला लागले, तर वरच्या मजल्यावरून ठोकलं.

संध्याकाळी घरी फोन केला. भाचीने उचलला. "मामा, माझ्या नव्या शाळेत झोका आहे." म्हटलं, कसली नवी शाळा? तेवढ्यात ताईने फोन घेतला. म्हणाली, अगं बाई, ही काहीही बोलते, शेजारच्या शाळेच्या मैदानात खेळायला जाते. भाची लबाड आहेच, माझ्यावर गेलीय. चार दिवसांचे आठ झाले तरी ताई अजून तिथेच आहे. आईच्या हातचं सोडवत नसणार. सहज म्हणून भावजींनाही फोन लावला, त्यांनी उचलला नाही. कामात असतील.

१९ मार्च, मंगळवार

हेडबाईचा फोन आला होता. काका फोन स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे चोरून ऐकायची गरज पडत नाही.

"बाबा, एकतीस तारखेला मी येतेय. या वेळी नाही म्हणायचं नाही. सामान बांधू आणि माझ्याकडे जाऊ."

"आणि रेडिओ?"

"बाबा, कुणी उत्तर तरी देतं का हो आता? वॉचमन सांगत होता, तुम्ही एकटेच ओरडत बसता."

वॉचमनची जीभ एकदा पट्टीने गुंडाळायला पाहिजे.

काकांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "जायला माझी ना नाही. लेकच आहे ती. पण बोक्याला सांगितल्याशिवाय कसा जाऊ? तो रोज हाका मारत बसेल."

मी म्हटलं पत्र टाकू. काका म्हणाले, या महिन्याची बोट गेली, पुढची पुढच्या महिन्यात. दुसऱ्या कुणाला रेडिओवरून निरोप द्यायला सांगू म्हटलं, तर म्हणाले, "कुणाला? आपण हाक मारतो, कोण उत्तर देतंय?"

म्हणजे महिनाअखेरपर्यंत काकांचा आवाज बोक्यापर्यंत पोचला पाहिजे. आणि सुई तर म्हणते, सगळं पोचतंय.

२१ मार्च, गुरुवार

काल रंगारी आला होता. गच्चीवरचा लोखंडी खांब रंगवायचा म्हणून मी तारेला केबलपासून सोडवलं. दोन पंखवाले नट आहेत, हातानेच फिरतात. रंग वाळला की लावू म्हटलं आणि साफ विसरलो. आज सकाळी काकांनी शीळ घातली आणि मला आठवलं. केबलचं टोक वर हवेत लोंबकळतंय! तार लावलेली नसताना शीळ घातली तर येणारी ताडकन उठते, असं काकांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मग ते मला उभा सोलणार.

पण नाही. जाणारी शंभर, येणारी शून्य. ढिम्म हलली नाही. भला मीटर आहे, चहाडी केली नाही.

बोका हाका मारतच होता. काकांचं झाल्यावर मी वर पळालो आणि नट आवळले. सुटलो.

२२ मार्च, शुक्रवार

बोका आज वेगळं बोलला. मी जसंच्या तसं लिहितो.

"घुबडा, तू ऐकतोयस की नाही मला माहीत नाही. महिनाअखेरपर्यंत रोज हाक मारतो. त्यानंतर या वेळेला रेडिओ लावणार नाही. रिकाम्या खोलीत हाका मारवत नाहीत रे मला. मग मी समजेन. ओव्हर."

काकांनी माइक हातात घेतला आणि परत खाली ठेवला. मग म्हणाले, "बंद कर."

अख्खा दिवस त्यांनी खिडकीकडे तोंड करून बसून काढला. दुपारी म्हणाले, "रविवारी उतरवायला लाग सगळं. हेडबाईच्या आधी आपणच उतरवलेलं बरं."

हेडबाई! मी कधीतरी तोंडाने बोललो असणार.

वॉचमन सांगत होता, गोदीत माणसं घेतायत. जावं का? इथे आता तसं काय राहिलंय? तरी संध्याकाळी पाय निघेना. रेडिओच्या खोलीतली धूळ पुसत बसलो.

२४ मार्च, रविवार

उतरवायला सुरुवात केली. मी मीटरच्या मागच्या पिना सोडवत होतो. काका मीटरवरून हात फिरवत म्हणाले, "याच्यावर मात्र बोट ठेवायला जागा नाही. शेवटपर्यंत येणारी शून्य."

मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, रागवू नका. परवा तर मी तार लावायचीच विसरलो होतो. टोक मोकळं होतं. तरी याने तुम्हाला कळू दिलं नाही."

काकांचा हात थांबला.

"काय म्हणालास?"

"चुकलो काका. रंगाऱ्याने..."

"रंगारी मरू दे. टोक मोकळं होतं आणि येणारी?"

"शून्य."

"शून्य?"

"हलली पण नाही."

मला वाटलं आता फुटतो ज्वालामुखी. काका उभे राहिले. भिंत चाचपत दारापर्यंत गेले, परत आले. "मोकळ्या टोकावरून सगळीच्या सगळी ताकद परत यायला पाहिजे. ती आली नाही. मग गेली कुठे?" मग माझ्या खांद्याला धरून म्हणाले, "मीटर उचल. गच्चीवर जा. तारेच्या आधी लाव. इथलं ऐकून कंटाळा आला, तिथे काय पोचतंय ते बघू."

मग वरात निघाली. मी वर मीटर घेऊन, काका खाली माइकपाशी, आणि जिन्यात मध्यावर वॉचमन, निरोप पोचवायला. 

मी ओरडलो, "शीळ घाला!"

वॉचमन ओरडला, "शीळ घाला म्हणतोय!"

पहिल्या मजल्यावरच्या बाई बाहेर आल्या. "कोण शीळ घालतंय? लाज आहे का?"

"तारमास्तर घालतायत हो!"

"या वयात?"

वर मी सुईकडे बघत होतो. जाणारी जेमतेम हलली. दहापण नाही. खाली शंभर निघतात, वर दहासुद्धा येत नाहीत. मी ओरडून सांगितलं, वॉचमनने पोचवलं. मग वॉचमन म्हणाला, "ते हसतायत."

खाली गेलो तर काका खरंच हसत होते, आणि डोळेही पुसत होते. "केबल पितेय रे सगळं," म्हणाले. "जाताना पिते, त्यातून उरलंसुरलं परत फिरलं तर तेही वाटेत पिते. खाली सुईपर्यंत तक्रार पोचतच नाही. बोक्याचंही येताना पिते, पण उरलेलं आपला रेडिओ मोठं करून ऐकवतो. आणि मी बोक्याला बहिरा म्हणत होतो. इतकी वर्षं यंत्रांत काढली आणि सुई निजली म्हणून खूश झालो."

२५ मार्च, सोमवार

सांधा सोडवला. पट्टी काढली तर आतून पाणी गळलं. केबल कापून पाहिली, आतली तांब्याची जाळी काळीहिरवी झालेली, थेट खालपर्यंत. पट्टी काकांच्या हातात दिली. त्यांनी बोटाने चाचपली.

"कुठून सुरू केली होतीस?"

"वरून."

"कौलं घालायची झाली तर कुठून घालशील?"

"खालून. वरचं कौल खालच्यावर यायला पाहिजे, नाहीतर पाणी..." माझ्या त्या पट्टीच्या प्रत्येक वेढ्याचं तोंड आभाळाकडे होतं. सुरकुती नव्हती, आणि थेंब न् थेंब झेलत होती.

मी म्हटलं, "काका, माझ्यामुळे झालं हे सगळं."

"पट्टी तू लावलीस. पण विचारलं मी काय? नीट लावलीस ना? असं विचारल्यावर माणूस ‘एकदम’ म्हणतो, दुसरं काय म्हणणार? कुठून सुरुवात केलीस असं विचारायला हवं होतं मी." मग म्हणाले, "पलंगाखाली केबलचं वेटोळं आहे, काढ."

२७ मार्च, बुधवार

दोन दिवस केबल ओढतोय. हाताला फोड आलेत. वॉचमनने ओव्हरफ्लोचा पाइप तारेने बांधून दुसरीकडे वळवला, पावशेर तोंड वाजवून. सांध्यावर पट्टी या वेळी खालून वर. काका गच्चीवर आले होते, धरून धरून. प्रत्येक वेढ्यावर त्यांनी बोट फिरवलं. वाऱ्यात उभे राहून म्हणाले, गच्चीवर बऱ्याच वर्षांनी आलो.

२८ मार्च, गुरुवार

काकांनी सकाळी सातलाच दाढी करून घेतली. रेडिओला काय दिसतंय, असं मी विचारलं नाही.

शीळ.

"जाणारी?"

"शंभर."

"येणारी?"

मी तबकडीवर वाकलो. "काका, येणारी उठलीय. दहावर आहे."

"पूर्वीसारखी?"

"हो, मान वर केलीय. काहीतरी चुकलं का? परत सोडवू?"

"खबरदार हात लावशील तर. उठू दे तिला. उठतेय म्हणजे तारेपर्यंत जाऊन येतेय."

साडेसात झाले. बोका आला. आवाजात गुरगुर नव्हती. "घुबडा, बोका हाक मारतोय. आहेस का? ओव्हर." रोजचंच, पाढे म्हटल्यासारखं.

काका म्हणाले, "ओरडू नकोस रे बोक्या, लोक झोपलेत. ओव्हर."

नुसती खरखर. इतका वेळ खरखर की मी सुईकडे बघायला लागलो.

"परत बोल," बोका म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही बोल. शिव्या दे."

काकांनी दिल्या. हवेतून शिव्या द्यायची परवानगी लायसनमध्ये नाही, त्यामुळे वहीत नोंदवल्या नाहीत, इथेही लिहीत नाही. पण जहाजावरच्या जुन्या शिव्या फार सुंदर असतात. पलीकडून बोका हसत होता की काय करत होता, देव जाणे.

"कुठे होतास?"

"इथेच. रोज तुला उत्तर देत होतो. केबलमध्ये पाणी गेलं होतं."

"आणि तुझी सुई?"

"निजली होती."

"निजली? घुबडा, चाळीस वर्षांत तुझी येणारी एकदा तरी निजली होती का? आखूड तारेची कुरकुर तूच तर मला ऐकवायचास. ती गप्प झाली तेव्हाच तुला धास्ती वाटायला हवी होती."

काका म्हणाले, "वाटली नाही रे. बरं वाटलं."

२९ मार्च, शुक्रवार

काल दिवसभर बोक्याचं ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. रात्री नीट झोप नाही. सकाळी सुई वाचून झाल्यावर घरी फोन केला. आज रविवार नाही, तरी ताईनेच उचलला.

सगळं ठीक ना, असं तोंडावर आलं होतं. ते गिळलं. म्हटलं, "ताई, भाचीचं नाव शाळेत कधी घातलंस?"

ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

मग फोनमधून बराच वेळ काही आलं नाही. मी ठेवला नाही. आई मागे म्हणत होती, सांग गं त्याला, सांगून टाक आता. मग ताई बोलायला लागली. चार दिवस नाही, दिवाणावर गादी टाकून ती दोन महिने तिथेच आहे. काय काय झालं ते सांगत गेली. ते मी इथे लिहीत नाही. काकांना दिसत नसलं तरी लिहीत नाही.

मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, "आधी सांगायचे तेव्हा तू म्हणायचास, ताई, जेवण गार होतंय."

एवढंच म्हणाली, रागाने पण नाही.

सासरी निघालेली आणि भांडून माहेरी आलेली, असा विनोद मी केला होता. तो या डायरीत पहिल्याच दिवशी लिहिलाय. खोडायला पेन उचललं, पण खोडलं नाही.

३१ मार्च, रविवार

हेडबाई सकाळीच आली, दोन रिकाम्या बॅगा घेऊन. काका म्हणाले, "पाच मिनिटं बस. मग बांधू." तिला मीटरसमोर बसवलं. 

"बाबा, मला यातलं काही कळत नाही."

"मुख्याध्यापिका आहेस ना? आकडे वाचता येतात?"

शीळ घातल्यावर ती दचकली. वडिलांना शीळ घालताना तिने बहुतेक लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. मी बाजूला उभा राहून सांगितलं, ही जाणारी, ही येणारी. ती म्हणाली, "शंभर. आणि ही दहा. बरोबर?" आणि माझ्याकडे बघितलं. मुख्याध्यापिकेने मला बरोबर का म्हणून विचारलं! मी मान हलवली.

काकांनी बोक्याला सांगितलं, लेक आलीय, मला न्यायला. बोका म्हणाला, "माइक तिला दे." काकांनी माइक तिच्यापुढे धरला.

"बाळ, तुझ्या घराला गच्ची आहे का?"

काकांनी बटण दाबलं, पण हेडबाईला कळेना कुठे तोंड करून बोलायचं. "आहे," ती मीटरलाच म्हणाली.

"आणि समोर एखादं उंच झाड?"

"एक आहे. का?"

"काही नाही. घुबडांना लागतं."

ती हसली. मग माइककडे पाठ करून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. बॅगा अजून रिकाम्याच आहेत. शाळेला सुट्टी आहे, आठवडाभर राहते म्हणाली, मग बघू. बघू म्हणजे नाही नव्हे, असं वॉचमनचं मत आहे. ते न विचारताच मिळालं.

मी सुट्टी मागितली. घरी जाऊन येतो म्हटलं, कारण सांगितलं, सगळं नाही. दुपारी दाराशी काकांनी हात पुढे केला. 

"पावलं तर निघालेली ऐकू येतायत," म्हणाले. "परत येणार का?"

एकदम, असं म्हणणार होतो. जीभ चावली. म्हटलं, "माहीत नाही काका. ताईला मी जितके दिवस लागेन तितके दिवस थांबेन. तिला वकील बघायचाय, भावजींकडून तिचं सामान आणायचंय. तिची सोय लागली की येईन. तुम्ही इथे असा नाहीतर हेडबाईंच्या झाडाखाली."

काका म्हणाले, "हे उत्तर चांगलं आहे. जा."

१ एप्रिल, सोमवार

रात्रभर गाडीतच होतो, गाडीतच लिहितोय, अक्षर हलतंय, कोंबडी परत सुटली. समोरच्या माणसाच्या घड्याळात साडेसात झाले. आता काका शीळ घालत असतील, हेडबाई चष्मा पुसून सुईकडे बघत असेल.

फाट्यावर घ्यायला येतेस का, म्हणून ताईला सकाळी फोन केला होता. तिने अर्धा तास खाल्ला. सामान काय काय आणायचं, सासूने कुठला डबा ठेवून घेतला, आमचे बाबा कसे चिडतात, आई कशी रडते, भाची कशी झोपेत बोलते. शेजारच्या बाईने मला पोळीभाजी दिली होती, ती मांडीवर गार झाली. मी मध्ये एकदाही काही बोललो नाही.